कंट्री गाणं रेडिओवर अव्वल नंबरावर पोचतं कसं?

माधवी_नॅशव्हिल

नॅशव्हिल म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीताचं माहेरघर. इथे सोळाव्या आणि सतराव्या अव्हेन्यूच्या पट्ट्याला म्युझिक रो म्हणतात. जुनी बैठी घरं आणि त्या घरांमध्ये रेकॉर्ड कंपन्या, प्रकाशक, स्टुडिओ. समोरच्या हिरवळीवर मोठमोठे फलक रोवलेले असतात: अमुक गाणं नंबर एक झालं, गीतकारांचं अभिनंदन. गावाहून पाहुणे आले की हे फलक बघून हमखास विचारतात, नंबर एक कोणी ठरवलं, लोकांनी मतं दिली का? मतं कोणीच दिलेली नसतात. मग होतं काय, हे सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी या धंद्यातली नाही, पण ही गाणी मनापासून ऐकते आणि गाण्यामागची माणसं इथे रोज दिसतात.

आधी यादी कशाची ते बघू. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या कंट्रीच्या मुख्य याद्या दोन. 'हॉट कंट्री साँग्ज'मध्ये स्ट्रीमिंग, विक्री आणि सगळ्या प्रकारच्या स्टेशनांवरचं वाजणं एकत्र धरतात. ही पद्धत ऑक्टोबर २०१२ मध्ये आली. त्याच वेळी फक्त कंट्री स्टेशनांवर काय वाजलं याची साठ गाण्यांची वेगळी यादी सुरू झाली, ती 'कंट्री एअरप्ले'. शिवाय मीडियाबेस या रेडिओवरचं वाजणं मोजणाऱ्या सेवेच्या आकड्यांवरून 'कंट्री एअरचेक' हे नॅशव्हिलचं व्यवसाय-पत्र आपली यादी काढतं. रेडिओवरचा नंबर एक म्हणतात तो 'कंट्री एअरप्ले' किंवा 'एअरचेक'चा.

अमेरिकेत कंट्री वाजवणारी स्टेशनं दोन हजारांहून जास्त आहेत. यादीसाठी मोजतात ती दीडशेच्या आसपास, बहुतेक मोठ्या आणि मध्यम शहरांतली. बिलबोर्ड नुसतं किती वेळा वाजलं ते बघत नाही, वाजलं तेव्हा किती लोक ऐकत होते तेही धरतं. त्यामुळे डॅलसला सकाळी आठ वाजता, सगळं शहर गाडीत असताना वाजलेलं गाणं आणि आडगावी पहाटे तीनला वाजलेलं गाणं यांची किंमत सारखी नसते. थोडक्यात, मतदार म्हणायचे तर ते दीडशे स्टेशनांचे प्रोग्रॅम डायरेक्टर, म्हणजे काय वाजवायचं ते ठरवणारी माणसं. एकेका मालकाच्या हाती अनेक स्टेशनं असल्यामुळे प्रत्यक्षात निर्णय घेणारी माणसं त्याहूनही कमी.

आता प्रवास. कंपनी एक गाणं सिंगल म्हणून निवडते आणि रेडिओसाठी तारीख जाहीर करते, बहुतेक सोमवार. त्या दिवशी किती स्टेशनांनी गाणं आपल्या यादीत घेतलं, तो पहिला निकाल. गायक नवा असेल तर त्याआधी कित्येक महिने तो रेडिओ टूरवर असतो. कंपनीने देशाचे विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक विभागाला एक माणूस नेमलेला असतो. तो गायकाला घेऊन सकाळी एका शहरात, दुपारी दुसऱ्या. स्टेशनमधल्या मीटिंगच्या खोलीत ट्यूबलाइटखाली उभं राहायचं, माइक नाही, साथीला कोणी नाही, समोर पाच-सात कर्मचारी पिझ्झा खात बसलेले. तिथे तीन-चार गाणी म्हणायची, हात मिळवायचे, फोटो काढायचे आणि पुढच्या शहराची वाट धरायची. उत्तम स्टुडिओ आवाज असलेली कितीतरी माणसं या खोलीत पडतात, आणि आपलं गाणं गिटारीवर एकट्याने उभं करू शकणारी तरून जातात. मला हा भाग फार न्याय्य वाटतो. त्याच्या पुढचा तितका वाटत नाही.

साठाव्या नंबरापासून चाळीसपर्यंत गाणं बऱ्यापैकी चढतं. तिशी आणि विशीत अडकतं. तिथे प्रत्येक स्टेशनला फोन, प्रत्येक आठवड्याला विनवणी, रात्री वाजणारं गाणं दिवसा आणायची खटपट. ट्रॅव्हिस डेनिंगचं 'आफ्टर अ फ्यू' जून २०२० मध्ये कंट्री एअरप्लेवर नंबर एक झालं तेव्हा त्याला यादीत ६५ आठवडे झाले होते. सव्वा वर्ष! एवढ्या काळात बाकीच्या संगीतात तीन हंगाम बदलतात. आणि गाणं शिखरापाशी आलं की कंपनी सगळ्या स्टेशनांना सांगते, हाच आठवडा, आत्ता वाजवा. एका आठवड्यापुरता जोर लागतो, नंबर मिळतो, आणि पुष्कळदा पुढच्याच आठवड्यात गाणं उतरणीला लागतं, कारण आता रांगेत मागच्याची पाळी असते.

तुमच्यापैकी अमेरिकेत गाडी चालवताना ही स्टेशनं ऐकणारे बरेच असतील. रेडिओत काम केलेलंही कोणी असेल तर जरूर लिहा.


बंडोपंत

उत्तम विषय, माधवीताई. आमच्या पिढीच्या डोक्यात क्रमवारी म्हटलं की बिनाका गीतमाला. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर. दुकानांतला रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांची पत्रं यांवरून पायदान ठरायचं. आमच्या गल्लीतल्या श्रोता संघाची पत्रं मी स्वतः लिहिलेली आहेत. पायदानात आपलाही वाटा आहे असं आम्हाला वाटायचं. तुम्ही सांगता त्या पद्धतीत श्रोता आहे कुठे? कंपनी गाणं देते, स्टेशन वाजवतं, तेच वाजणं मोजून यादी होते आणि यादी बघून बाकीची स्टेशनं वाजवतात. हा तर आपल्याच शेपटीमागे धावण्याचा प्रकार झाला.


रेडिओवेडा

काका, श्रोता आहे, फक्त तो पत्र लिहीत नाही. मी पुण्यात एका खासगी एफएम स्टेशनवर गाण्यांचं शेड्युलिंग करत असे, आणि या बाबतीत अमेरिकन स्टेशनं आणि आपली यांची रीत एकच आहे, सॉफ्टवेअरसुद्धा तेच. म्हणून आतली बाजू सांगतो.

प्रत्येक तासाचं एक घड्याळ आखलेलं असतं. तासाला साधारण बारा-तेरा गाणी. त्यात चालू गाणी किती, नुकतीच उतरलेली किती, जुनी सोन्यासारखी किती, हे ठरलेलं. चालू गाण्यांत पुन्हा तीन कप्पे: जोरात, मध्यम, हलकं. जोरातल्या कप्प्यात गाणी मोजकीच, पण ती फिरून फिरून येतात, म्हणजे एकेक गाणं आठवड्याला पन्नासच्या आसपास वेळा. हलक्या कप्प्यातलं गाणं तेवढ्या काळात पाच-दहा वेळा लागतं, तेही बहुधा रात्री. कंपनीचा माणूस डायरेक्टरकडे येऊन भांडतो ते कप्प्यासाठी. गाणं यादीत घेतलं एवढ्याने काही होत नाही, ते हलक्यातून मध्यममध्ये आणि मध्यममधून जोरात जावं लागतं. दीडशे स्टेशनांवर हा बदल झाला की नंबर वर सरकतो.

आता श्रोता. स्टेशनं श्रोत्यांच्या एका गटाला गाण्याचा सात-आठ सेकंदांचा तुकडा ऐकवतात, पूर्वी फोनवरून, आता ऑनलाइन. प्रश्न साधे: ओळखीचं आहे का, आवडतं का, कंटाळा आला का? नवं गाणं या चाचणीत जवळजवळ नेहमीच मार खातं, कारण लोकांना ते ओळखीचंच नसतं. गाडीत मुलांशी बोलत, वळणं घेत रेडिओ ऐकणाऱ्या माणसाच्या कानात गाणं रुजायला शेकडो वेळा वाजावं लागतं. ते ६५ आठवडे त्यात जातात. ताई, तुम्हाला रांग दिसते, मला त्यात सावध डायरेक्टर दिसतो. स्टेशनचं पोट जाहिरातींवर आहे. त्याला पहिली भीती असते ती माणूस बटण दाबून पलीकडे जाईल याची. न आवडलेलं गाणं लावल्याची शिक्षा लगेच मिळते, चांगलं गाणं न लावल्याची कधीच मिळत नाही. हे एक वाक्य डोक्यात ठेवलं तर या यादीचं अर्धं वागणं समजतं.


धनंजय_ह्यूस्टन

रेडिओवेडा, अगदी सहमत, आणि त्यात यंत्राची भर घाला. पूर्वी श्रोते डायरीत लिहून द्यायचे की आम्ही अमुक स्टेशन ऐकलं. माणूस आपल्या लाडक्या स्टेशनचं नाव उदारपणे लिहायचा. २००७ पासून मोठ्या शहरांत कमरेला लावायचं छोटं मीटर आलं, आमचं ह्यूस्टन आणि फिलाडेल्फिया ही पहिली दोन शहरं. ते मीटर कानावर पडणारं स्टेशन आपोआप टिपतं. कोणत्या मिनिटाला माणूस निघून गेला ते डायरेक्टरला दिसायला लागलं आणि अनोळखी गाण्याबद्दलची धास्ती आणखी वाढली.

टेक्ससचं मात्र निराळं आहे, ते इथे लिहिलंच पाहिजे. आमच्याकडे राज्यापुरत्या वेगळ्या याद्या आहेत, टेक्सस रीजनल रेडिओ रिपोर्ट ही त्यातली एक. नॅशव्हिलच्या यादीत कधीही न दिसणारे गायक इथे डान्स हॉल भरतात आणि आयुष्यभर चांगलं कमावतात. कोडी जॉन्सन असाच. रोडिओत बैलांवर बसलेला माणूस, स्वतःच रेकॉर्ड काढायचा, स्वतःच विकायचा. ह्यूस्टनच्या रोडिओत हजारोंच्या गर्दीसमोर गायला तरी राष्ट्रीय रेडिओला तो माहीत नव्हता. २०१८ मध्ये वॉर्नर या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि २०२२ मध्ये ''टिल यू कान्ट' नंबर एक झालं. आवाज तोच होता, गाणाराही तोच. मधे काय बदललं? दीडशे स्टेशनांना दर आठवड्याला फोन करणारी माणसं त्याच्या मागे उभी राहिली.


कल्याणी

वाचतेय, छान चाललाय धागा. पण 'सावध डायरेक्टर' म्हणून सोडून देता येणार नाही अशी एक गोष्ट आहे. या सावधपणाची किंमत बायकांनी मोजली आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये कंट्री एअरप्लेच्या पहिल्या वीसात एकही स्त्री नव्हती. एकही नाही! ज्या संगीतात किटी वेल्स, पॅट्सी क्लाइन, लोरेटा लिन, डॉली पार्टन झाल्या, त्या संगीतात. त्याआधी मे २०१५ मध्ये कीथ हिल नावाच्या रेडिओ सल्लागाराने 'कंट्री एअरचेक'लाच सांगितलं होतं की श्रोते टिकवायचे तर बायकांची गाणी कमी करा. सॅलडमध्ये पुरुष गायक म्हणजे पाला आणि बायका म्हणजे वरचे टोमॅटो, असं त्याचं म्हणणं. खूप गदारोळ झाला. पण तो पदरचं काही सांगत नव्हता, उद्योगात रूढ असलेला नियम उघडपणे बोलला होता. दोन बायकांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत, ही रीत कित्येक स्टेशनांवर होती.

ओटावा विद्यापीठाच्या जेडा वॉटसन यांनी वर्षानुवर्षांची आकडेवारी काढून दाखवलं आहे की बायकांची गाणी नुसती कमी वाजत नाहीत, जी वाजतात ती रात्रीच्या आणि पहाटेच्या वेळात जास्त ढकलली जातात. आता रेडिओवेडा यांनी सांगितलेली चाचणी आठवा. ओळखीचं आहे का, असा पहिला प्रश्न. रात्री दोनला वाजलेलं गाणं ओळखीचं होणार कसं? मग म्हणायचं, लोकांना बायकांचे आवाज आवडत नाहीत, बघा आकडे. आकडे तुम्हीच तयार केलेत!

केसी मस्ग्रेव्ह्जच्या 'गोल्डन अवर'ला २०१९ मध्ये ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान मिळाला. कंट्री रेडिओने त्यातलं एकही गाणं वरच्या दहात नेलं नाही. मला या गोष्टीचा अजून राग येतो.


रेडिओवेडा

कल्याणी, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. चाचणी निष्पक्ष असते, चाचणीपर्यंत पोचण्याची संधी निष्पक्ष नसते. ज्या खोलीत बसून कप्पे ठरतात तिथे जुन्या समजुती नियमासारख्या पाळल्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याकडे समजुती वेगळ्या होत्या, पण त्यांचा अंमल असाच होता.


माधवी_नॅशव्हिल

कल्याणी, बरं झालं हे लिहिलंस. लेनी विल्सन २०११ मध्ये लुइझिआनाहून नॅशव्हिलला आली ती एका कॅम्पर ट्रेलरमध्ये राहायला. तिचं पहिलं नंबर एक आलं सप्टेंबर २०२१ मध्ये. दहा वर्षं. आणि नंतर २०२३ मध्ये सीएमएचा, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनचा, वर्षातला सर्वश्रेष्ठ कलाकार हा पुरस्कार तिने घेतला, जो त्याआधी २०११ मध्ये टेलर स्विफ्टला मिळाल्यानंतर कोणत्याही बाईला मिळाला नव्हता.

यावरून लोरेटा लिनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६० साल. ती वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या सीमेलगत राहायची. चार मुलांची आई. 'झीरो' नावाच्या चिमुकल्या कंपनीने तिचं 'हॉन्की टॉन्क गर्ल'चं रेकॉर्ड काढलं. विभागीय माणूस कुठला, आणि टूरचे पैसे कुठले! नवरा-बायकोने रेकॉर्डच्या प्रती स्टेशनांना टपालाने धाडल्या आणि मग गाडी काढली. वाटेत रेडिओचा मनोरा दिसला की थांबायचं, आत जाऊन रेकॉर्ड लावायची विनंती करायची. रात्री गाडीतच झोपायचं, पाव आणि चीज-बोलोनीवर दिवस काढायचे. ते गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत चौदाव्या नंबरापर्यंत गेलं. आज जी यंत्रणा लाखो डॉलर खर्चून होते तिचा गाभा तोच आहे: स्टेशनच्या दारात जाऊन, समोर उभं राहून, माझं गाणं लावा म्हणणं. फरक एवढाच की तेव्हा दार उघडणाऱ्या डीजेला स्वतःच्या मर्जीने रेकॉर्ड लावता येत होतं.

ती मर्जी गेली कशी, तर १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन कायद्याने. एका मालकाने देशभरात किती स्टेशनं ठेवायची यावरची मर्यादा उठली. क्लिअर चॅनेल, म्हणजे आजचं आयहार्टमीडिया, काही वर्षांत बाराशेच्या वर स्टेशनांचं मालक झालं. आज मोठ्या गायकाचं नवं गाणं आलं की साखळीतली सगळी कंट्री स्टेशनं पहिल्या दिवशी ते तासातासाला लावतात, आणि गाणं यादीत थेट वरच्या भागात उतरतं. नव्या गायकांपैकी एखाद्याला निवडून त्याचं गाणं साखळीभर ठरावीक वेळा वाजवण्याची योजनाही असते. ज्याला ती मिळते त्याची चढण निम्मी होते.


ओहायोकर

सगळं ठीक आहे, पण कोणीच सरळ विचारत नाही म्हणून मी विचारतो. पैसे देऊन गाणी वाजवतात का?


माधवी_नॅशव्हिल

कायद्याने पैसे देऊन गाणं वाजवायला बंदी नाही, ते श्रोत्याला न सांगता वाजवायला बंदी आहे. १९५९ च्या सुमारास रॉक अँड रोलच्या डीजेंनी कंपन्यांकडून पैसे घेतल्याचं प्रकरण गाजलं, ॲलन फ्रीडची कारकीर्द त्यात संपली, आणि १९६० मध्ये कायदा झाला. तेव्हापासून पैसे किंवा मोलाची वस्तू घेतली असेल तर प्रसारणात जाहीर करावंच लागतं. मधल्या काळात स्वतंत्र प्रमोटर नावाचा मध्यस्थ आला. कंपनी त्याला पैसे देणार, तो स्टेशनला 'जाहिरात सहाय्य' देणार. २००५ मध्ये न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी सोनी बीएमजीकडून एक कोटी डॉलरची तडजोड करून घेतली आणि २००७ मध्ये चार मोठ्या रेडिओ कंपन्यांनी एफसीसी या सरकारी प्रसारण-नियामक संस्थेला मिळून सव्वा कोटी डॉलर भरले. हे सगळ्या प्रकारच्या संगीताबद्दल होतं, एकट्या कंट्रीबद्दल नव्हे.

आताचा वाद कार्यक्रमांवरून आहे. स्टेशनच्या वर्धापनदिनाला, महोत्सवाला गायकाने फुकट किंवा नाममात्र मानधनात गायचं, आणि त्याच सुमाराला त्याचं गाणं चढायचं. यात देवाणघेवाण ठरलेली असते का, हा प्रश्न. फेब्रुवारी २०२५ मध्ये एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी ऑस्टिनच्या आयहार्टकंट्री महोत्सवाबाबत कंपनीला याच मुद्द्यावर पत्र पाठवून विचारणा केली. विचारणा म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पण प्रश्न योग्य जागी विचारला गेला याचं मला समाधान वाटलं.

आणि यादीच्या हेराफेरीपायी इथे खून झाला आहे. ९ मार्च १९८९ ची रात्र, म्युझिक रो. केव्हिन ह्यूज हा २३ वर्षांचा मुलगा 'कॅश बॉक्स' या पत्राच्या कंट्री यादीचं काम बघायचा. त्या काळात कॅश बॉक्सची छोट्या कंपन्यांसाठीची यादी पैशावर चालते अशी चर्चा होती. प्रमोटर नवख्या गायकांकडून हजारो डॉलर घ्यायचे आणि नंबर मिळवून द्यायचे. केव्हिनला हे पटत नव्हतं. सॅमी सॅडलर या गायक मित्राबरोबर तो गाडीकडे जात असताना त्याला गोळ्या घातल्या. सॅडलर जखमी होऊन वाचला. मारेकरी रिचर्ड डी'ॲन्टोनियो हा पूर्वी कॅश बॉक्समध्येच होता. २००३ मध्ये त्याला शिक्षा झाली. कॅश बॉक्स त्याआधीच, १९९६ मध्ये बंद पडलं होतं. त्या रस्त्याने जाताना मला हा मुलगा नेहमी आठवतो.


बंडोपंत

वाचून सुन्न झालो. मग बिलबोर्डची यादी तरी तेव्हा खरी होती का?


माधवी_नॅशव्हिल

काका, तेव्हा बिलबोर्डची यादीही स्टेशनांनी स्वतः कळवलेल्या माहितीवर चालायची. स्टेशन म्हणेल ते वाजलं असं धरायचं. वाजवलेलं नसतानाही यादीत नाव कळवायची पद्धत सर्रास होती, त्याला 'कागदावरची ॲड' म्हणत, म्हणजे यादीत नुसती कागदोपत्री भर. परिणाम बघा: १९८० च्या दशकाच्या मध्याला वर्षाला जवळजवळ पन्नास गाणी नंबर एक व्हायची. दर आठवड्याला नवं. प्रत्येक कंपनीला तिची पाळी.

जानेवारी १९९० मध्ये बिलबोर्डने ही रीत बंद करून प्रत्यक्ष प्रसारण ऐकून गाणी ओळखणारी संगणकी यंत्रणा लावली. बीडीएस तिचं नाव. एका फटक्यात चित्र पालटलं. जॉर्ज स्ट्रेटचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९८० च्या दशकात त्याची भराभर नंबर एक झाली, पण एकही गाणं एका आठवड्याहून जास्त टिकलं नाही. १९९० मध्ये 'लव्ह विदाउट एंड, आमेन' आलं आणि पाच आठवडे राहिलं. मोजणी खरी झाल्याबरोबर लोकांचं प्रेम यादीत दिसायला लागलं. म्हणून मी या यादीला सरसकट खोटी म्हणत नाही. आज ती जे सांगते ते खरं असतं: हे गाणं इतकं वाजलं. ते का वाजलं, हे मात्र ती सांगत नाही.


मुग्धा

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका. बियॉन्से कंट्रीत नंबर एक झाली अशी बातमी होती ना? आमच्या इथे, ॲटलांटाजवळ, कंट्री स्टेशनवर तिचं गाणं फार ऐकल्याचं आठवत नाही.


धनंजय_ह्यूस्टन

मुग्धाताई, आमच्या ह्यूस्टनची मुलगी, म्हणून उत्तर मी देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'टेक्सस होल्ड 'एम' नंबर एक झालं ते 'हॉट कंट्री साँग्ज'मध्ये, म्हणजे स्ट्रीमिंग आणि विक्री धरलेल्या यादीत. तिथे पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. फक्त कंट्री स्टेशनांच्या यादीत ते गाणं ३३ च्या वर गेलं नाही. ओक्लाहोमातल्या एका छोट्या स्टेशनने श्रोत्याची फर्माईश सुरुवातीला नाकारलीही होती, गाजावाजा झाल्यावर मग लावलं. २०१९ मध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय रॅपरचं 'ओल्ड टाउन रोड' बिलबोर्डच्या सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या 'हॉट १००' यादीत १९ आठवडे अव्वल होतं आणि कंट्री एअरप्लेवर पन्नासाव्या नंबरावर थांबलं. त्याला तर बिलबोर्डने कंट्रीच्या मुख्य यादीतून काढूनच टाकलं होतं.

पण त्याच २०२४ मध्ये शाबूझी या कृष्णवर्णीय गायकाचं 'अ बार साँग' कंट्री एअरप्लेवरसुद्धा सात आठवडे नंबर एक होतं. म्हणजे दार बंदच आहे असंही नाही. माझं मत असं की रेडिओला आपल्याकडे चालत येणारा माणूस लागतो. बाहेर कितीही मोठं नाव असो, स्टेशनच्या लोकांशी नातं नसेल तर ते गाणं दुसऱ्याच्या घरचं समजतात. आणि हे 'नातं' कोणाला सहज जुळवता येतं, कोणाला येत नाही, यात रंगाचा इतिहास आहेच. १९६६ मध्ये चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाची पहिली रेकॉर्ड कंपनीने स्टेशनांना फोटोशिवाय पाठवली होती. आवाज आवडल्यावर मग माणूस कळावा म्हणून.


ओहायोकर

माहितीत भर पडली. मी तर आता फक्त स्ट्रीमिंगवर ऐकतो. झॅक ब्रायनचं 'समथिंग इन द ऑरेंज' मी आणि माझ्यासारख्या कोट्यवधी लोकांनी ऐकलं, रेडिओवर ते पहिल्या दहातही आलं नाही, आणि तरी तो स्टेडियम भरतो. मग या दीडशे स्टेशनांसाठी एवढी धडपड अजून का करायची?


माधवी_नॅशव्हिल

पैसा, आणि तोही गीतकाराचा. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार आणि प्रकाशकाला ॲस्कॅप, बीएमआय अशा संस्थांमार्फत मानधन मिळतं. गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला मात्र काहीच मिळत नाही. ते बदलायचं विधेयक २०२१ मध्ये पुन्हा मांडलं गेलं, रेडिओवाल्यांचा त्याला विरोध आहे. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओ गायकाला पैसे देतात, मनोऱ्यावरचा रेडिओ देत नाही.

स्ट्रीमिंगमधून गीतकाराच्या हातात फार थोडं येतं. रेडिओवर वर्षभर वाजलेलं एक गाणं त्याचं घर उभं करतं. इथले कितीतरी गीतकार स्वतः गात नाहीत, त्यांना मैफिलीचं, टी-शर्टच्या विक्रीचं उत्पन्न नाही. ब्लूबर्ड कॅफेत, साध्या दुकानांच्या रांगेतल्या त्या छोट्या खोलीत, चार गीतकार गोल करून बसतात आणि पाळीपाळीने आपली गाणी म्हणतात. दुसऱ्याच्या आवाजात देशभर वाजलेलं गाणं त्यांच्या तोंडून, थोड्या खरखरीत आवाजात ऐकताना त्यातला शब्द न् शब्द नवा वाटतो. नंबर एक झालं की बीएमआय किंवा ॲस्कॅप गीतकारांसाठी पार्टी ठेवतात आणि हिरवळीवर फलक लागतो. ज्याच्या घरात त्या नंबराने खरोखर काही बदलतं, मान त्याचाच.


रेडिओवेडा

ताई, हे वाचून आपली तुलना करावीशी वाटली. आपल्याकडे उलट आहे. खासगी एफएम स्टेशनं म्युझिक कंपन्यांना पैसे देतात. २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या दोन टक्के असा दर ठरवला होता. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क तर २०१२ च्या दुरुस्तीने पक्का झाला, तोपर्यंत बहुतेकांना एकरकमी पैसे घेऊन गप्प बसावं लागे. गीतकाराच्या नावाचा फलक आपल्याकडे एखाद्या रस्त्यावर लागलेला मला बघायचा आहे.


बंडोपंत

मलाही. ताई, शेवटचा प्रश्न. ही यादी मी इथे बसून बघितली तर त्यात काय बघू?


माधवी_नॅशव्हिल

काका, नंबराच्या शेजारी गाण्याला यादीत किती आठवडे झाले तो रकाना असतो. आधी तो बघा. दहा-बारा आठवड्यांत वरच्या पाचात आलेलं गाणं म्हणजे एकतर फार मोठं नाव, नाहीतर लोकांनी खरंच उचलून धरलेलं. पन्नासच्या पुढे असेल तर त्याच्यामागे कोणीतरी वर्षभर फोन केले आहेत. मग तेच गाणं 'हॉट कंट्री साँग्ज'मध्ये कुठे आहे ते शोधा. रेडिओवर तिसरं आणि तिथे तिसाव्यात असेल तर ते स्टेशनांचं गाणं. तिथे तिसरं आणि रेडिओवर पंचेचाळिसावं असेल तर लोकांपर्यंत पोचलंय, दीडशे दारं अजून उघडायची आहेत. आणि नंबर एक झालेलं गाणं पुढच्या आठवड्यात कुठे गेलं तेही बघा. मॉर्गन वॉलनचं 'यू प्रूफ' आणि नेट स्मिथचं 'वर्ल्ड ऑन फायर' दहा-दहा आठवडे टिकली. एका आठवड्याच्या जोरावर तेवढं टिकता येत नाही.

यादी दर आठवड्याला बदलते. मंगळवारी-बुधवारी बघत जा, आणि एखादं गाणं आवडलं तर इथे लिहा, त्याचे गीतकार कोण ते मी शोधून सांगते.